‘डिमाइज्ड प्रिमायसेस’ : त्या गाळ्यात कुणी वारलेलं नाही

डोंबिवलीची माझी मावशी गेली कित्येक वर्षं घरून पोळी-भाजीचे डबे देते. यंदा तिने स्टेशनजवळ एक गाळा घ्यायचं ठरवलं. नऊ वर्षांचा भाडेपट्टा, इंग्रजीत टाइप केलेली चौदा पानं. रात्री साडेनऊला तिचा फोन आला.

“अगं, त्या गाळ्यात कुणी गेलंय का? कागदात पानोपानी ‘डिमाइज्ड’ लिहिलंय. सुनेने मोबाइलवर अर्थ बघितला तर मृत्यू असा आला. मालक तर काही बोलला नाही!”

कुणीही गेलेलं नव्हतं. मी कागदपत्रांच्या भाषांतराचं काम करते आणि हा प्रश्न मला याआधीही विचारला गेला आहे. मावशीने शब्दकोश पाहिला, तोही बरोबर पाहिला, तरी तिला चुकीचंच उत्तर मिळालं. यात तिचा काही दोष नाही. करारांमधली इंग्रजी आज बोलली जाते ती इंग्रजी नव्हे. त्यातले बरेच शब्द तीनशे, पाचशे, कधी आठशे वर्षांपूर्वीच्या अर्थाने उभे आहेत. बोलण्यातली भाषा पुढे निघून गेली, कागदातली जागच्या जागी राहिली.

मृत्यू आला कुठून?

‘डिमाइज’ हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला. तिथे त्याचा अर्थ होता सोडून देणं, हातातून पुढे जाऊ देणं. म्हणून भाडेपट्ट्याने किंवा मृत्युपत्राने मालमत्ता दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे डिमाइज. पुढे हा शब्द राजघराण्याला चिकटला. राजा गेला की राज्य आपोआप वारसाकडे जातं, त्या हस्तांतरालाही डिमाइज म्हणू लागले, आणि ब्रिटनच्या कायद्यात ‘डिमाइज ऑफ द क्राउन’ हा प्रयोग आजही आहे. आता राज्य पुढे जायचं म्हणजे राजा मरावा लागतो. लोकांच्या मनात हस्तांतर मागे पडलं आणि मरणच उरलं. शब्दकोशात आज पहिला अर्थ मृत्यू दिसतो तो असा. भाडेपट्ट्याने मात्र मूळचा अर्थ सोडलेला नाही.

आता ‘प्रिमायसेस’ घ्या. आपण त्याचा अर्थ जागा, आवार असा धरतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ आहे ‘आधी सांगितलेलं’. जमिनीच्या कागदात सुरुवातीला एकदा मिळकतीचं सविस्तर वर्णन करायचं आणि पुढे दर वेळी ते सगळं पुन्हा लिहिण्याऐवजी ‘आधी सांगितलेली’ एवढंच म्हणायचं, अशी रीत होती. वाचणाऱ्याला दर वेळी त्या शब्दाच्या ठिकाणी घर किंवा जमीनच दिसायची. होता होता शब्दाचाच अर्थ घर-आवार असा झाला. तर्कशास्त्रात ‘प्रिमिस’ म्हणजे आधी मांडलेलं गृहीतक, तोही याचाच भाऊ.

हे विचित्र वाटत असेल तर आपल्याकडचा ‘मजकूर’ आठवा. अरबीतून फारसीमार्गे आलेल्या या शब्दाचा अर्थ ‘उल्लेख केलेला’. जुन्या मराठी कागदांत ‘मौजे मजकूर’ म्हणजे वर सांगितलेलं गाव, ‘साल मजकूर’ म्हणजे वर सांगितलेलं वर्ष. आज आपण कागदावर लिहिलेल्या सगळ्यालाच मजकूर म्हणतो. दोन वेगळ्या देशांतल्या कारकुनांनी आपापल्या शब्दाला नकळत सारख्याच वाटेवर नेऊन सोडलं आहे.

तेव्हा ‘डिमाइज्ड प्रिमायसेस’ म्हणजे ‘भाड्याने दिलेली, वर वर्णन केलेली जागा’. मावशीला हे सांगितलं तेव्हा कुठे ती जेवायला बसली.

अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीच्या शब्दांना जपा

करार हातात आला की आपण ‘हेरेडिटामेंट’, ‘मेस्युएज’ अशा शब्दांना घाबरतो. माझ्या मते हे शब्द तसे निरुपद्रवी आहेत. ते कळत नाहीत हे निदान आपल्याला कळतं, आणि आपण कुणाला तरी विचारतो. खरा घात रोजच्या ओळखीचे शब्द करतात. अर्थ माहीत आहे अशा समजुतीत आपण पुढे वाचत जातो, आणि कागदात तो शब्द जुन्या, निराळ्या अर्थाने बसलेला असतो.

मावशीच्याच करारात एक कलम होतं. भाडं थकलं तर मालक करार ‘डिटर्मिन’ करू शकेल. सुनेने अर्थ लावला होता ‘ठरवू शकेल’, म्हणजे मालक बसून काय ते ठरवेल, बोलणं होईल. पण कायद्याच्या जुन्या इंग्रजीत डिटर्मिन म्हणजे संपवणं. मूळ लॅटिन शब्द ‘टर्मिनस’, म्हणजे हद्द, शेवट. रेल्वेच्या टर्मिनसमध्ये आहे तोच. हद्द आखली की गोष्ट तिथे संपते, आणि हद्द आखली की गोष्ट निश्चितही होते. यातला दुसरा अर्थ बोलण्यात टिकला, पहिला कागदात. आपल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं १११ वं कलम ‘डिटर्मिनेशन ऑफ लीज’ याच विषयावर आहे, म्हणजे भाडेपट्टा कोणकोणत्या कारणांनी संपतो. मावशीच्या कलमात ‘ताबडतोब’ असाही शब्द होता. अर्थ कळल्यावर तिने तीस दिवसांची लेखी नोटीस आधी द्यावी असं त्यात घालून घेतलं. मालकाने कुरकुर केली नाही. बहुधा त्यानेही ते कलम नीट वाचलेलं नसावं.

‘कन्सिडरेशन’ हा असाच एक. बोलण्यात त्याचा अर्थ विचार. करारात त्याचा अर्थ मोबदला, म्हणजे एका पक्षाने दिलेल्या गोष्टीच्या बदल्यात दुसऱ्याने द्यायचं ते. १८७२ च्या आपल्या करार कायद्यात मोबदल्याशिवाय केलेला करार, काही अपवाद सोडले तर, रद्दबातल ठरतो. ‘इतक्या रुपयांच्या कन्सिडरेशनमध्ये’ याचं ‘इतके रुपये विचारात घेऊन’ असं भाषांतर मी स्वतः दुरुस्त केलं आहे. एका शब्दाने विक्रीचा कागद नुसत्या सदिच्छेचा होऊन बसला होता.

‘विदाउट प्रेज्युडिस’ वकिलांच्या पत्राच्या माथ्यावर असतं. त्याचा ‘पूर्वग्रह न ठेवता’ असा अर्थ करू नका. प्रेज्युडिस म्हणजे मुळात आधीच दिलेला निकाल, आणि त्यामुळे होणारं नुकसान. पत्र लिहिणारा एवढंच म्हणत असतो की तडजोडीसाठी मी हे बोलतो आहे, यामुळे माझ्या हक्कांना बाध येऊ नये.

कुलमुखत्यारपत्राची सुरुवात ‘नो ऑल मेन बाय दीज प्रेझेंट्स’ अशी असते. इथे भेटवस्तूंचा काही संबंध नाही. प्रेझेंट्स म्हणजे ‘हा समोर असलेला लेख’. ‘या लेखाने सर्वांस कळावे की’ एवढाच त्याचा अर्थ, आणि ते जुन्या लॅटिन सूत्राचं शब्दशः इंग्रजी आहे. कागद ‘एक्झिक्यूट’ करणं म्हणजे सही वगैरे करून तो पुरा करणं. मूळ अर्थ शेवटास नेणं. फाशीची शिक्षा शेवटास नेली जाते, म्हणून तिथेही तोच शब्द. ‘क्वाएट एन्जॉयमेंट’ म्हणजे शांततेत मजा नव्हे, तर कुणी हरकत न घेता जागेचा वापर करता येणं. मराठी खरेदीखतात आपण ‘उपभोग घ्यावा’ लिहितो, अगदी तसंच.

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी जोडप्यांची ‘टेनंट’ या शब्दाशी गाठ पडते. दोघांच्या नावावर घर घेताना विचारलं जातं, तुम्ही ‘जॉइंट टेनंट्स’ होणार की ‘टेनंट्स इन कॉमन’? आपण तर घर विकत घेतोय, मग टेनंट कसले, असं कुणालाही वाटेल. पण टेनंट म्हणजे मुळात भाडेकरू नाहीच. लॅटिनमध्ये ‘तेनेरे’ म्हणजे धरणं, टेनंट म्हणजे धरणारा. आपण भूधारक म्हणतो ना, तोच. तिथल्या कायद्यात या दोन पर्यायांमध्ये फार मोठा फरक आहे. पहिल्या प्रकारात एक जण गेला की सगळं घर आपोआप दुसऱ्याचं होतं, मृत्युपत्रात काहीही लिहिलेलं असो. दुसऱ्या प्रकारात प्रत्येकाचा वेगळा हिस्सा असतो आणि तो ज्याच्या त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसाप्रमाणे जातो. शब्द नीट न कळता रकान्यात खूण केली तर एखाद्याच्या मुलांचा हिस्सा जाऊ शकतो. मुंबईत चाळीतल्या खोलीला टेनामेंट म्हणतात, त्याचंही मूळ हेच ‘धरलेली जागा’.

‘लीव्ह’ आणि ‘लायसन्स’, दोन्ही कशाला?

मुंबई-पुण्यात भाड्याने राहिलेल्या प्रत्येकाने अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’वर सही केलेली असते. यातला लीव्ह म्हणजे सुट्टी नाही आणि सोडून जाणंही नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ परवानगी. लायसन्स म्हणजेही परवानगी. म्हणजे कागदाचं नाव झालं ‘परवानगी आणि परवानगी’.

याचं उत्तर १४ ऑक्टोबर १०६६ या दिवशी सापडतं. त्या दिवशी हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंडच्या राजाला हरवलं. पुढची दोन-तीन शतकं सत्ताधारी फ्रेंच बोलत, शेतकरी आणि कारागीर इंग्रजी बोलत, आणि धर्माचं व दप्तराचं काम लॅटिनमध्ये चाले. अशा देशात कागद लिहिणाऱ्या कारकुनाने एका भाषेतला शब्द लिहिला तर दुसरा पक्ष म्हणणार, मला हे कळलं नाही. म्हणून दोन्ही लिहायचे. लीव्ह इंग्रजी, लायसन्स फ्रेंच. ‘विल अँड टेस्टामेंट’मध्ये विल इंग्रजी, टेस्टामेंट लॅटिन. ‘गुड्स अँड चॅटल्स’मध्ये गुड्स इंग्रजी, चॅटल्स फ्रेंच. ‘फिट अँड प्रॉपर’चंही तसंच. विल म्हणजे मुळात इच्छा, तेव्हा आपला ‘इच्छापत्र’ हा शब्द त्याला तंतोतंत बसतो.

महाराष्ट्रात हे समजावून सांगायला फार लांब जावं लागत नाही, कारण शतकानुशतकं आपलंही दप्तर फारसीत आणि घर मराठीत होतं. ‘कागदपत्र’ हा शब्दच पाहा. कागद फारसीतून आलेला, पत्र संस्कृत, दोन्हींचा अर्थ जवळजवळ एकच. धनदौलत, मानमरातब, रीतिरिवाज हे सगळे याच साच्यातले. या तिन्हींत पहिला तुकडा आपला, दुसरा दरबाराकडून आलेला. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तो प्रयत्न किती अवघड होता हे अशा जोड्या पाहिल्या की कळतं. लोकांनी दोन्ही शब्द ठेवून घेतले.

लीव्हचा अर्थ परवानगीवरून सुट्टी कसा झाला, हेही मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. ‘आपली रजा घेतो’ म्हणताना रजा म्हणजे परवानगी; ‘उद्या रजेवर आहे’ म्हणताना सुट्टी. अरबी ‘रझा’ म्हणजे संमती. कामावर न येण्याची संमती तीच सुट्टी. इंग्रजी लीव्हनेही नेमका हाच प्रवास केला. राजीनाम्यातला ‘राजी’ही त्याच धातूतला.

तरी प्रत्येक जोडीला हे कारण लावू नये. ‘नल अँड व्हॉइड’ किंवा ‘सीज अँड डेझिस्ट’ यांतले दोन्ही शब्द फ्रेंचमधूनच आलेले आहेत. एकदा जोडीने लिहायची सवय लागली की गरज नसतानाही जोड्या पडत गेल्या. जोडीला ठेका असतो, कानाला भारदस्त वाटते. शिवाय कागद जितका लांब तितकी लिहिणावळ जास्त. लांबण लावण्याचा हा रोग किती जुना आहे ते १५९६ च्या एका खटल्यात दिसतं. लंडनच्या चॅन्सरी कोर्टात एका पक्षाने १२० पानांचं उत्तर दाखल केलं. कोर्टाच्या मते तेच सोळा पानांत बसलं असतं. न्यायाधीशांनी हुकूम केला की त्या कागदांच्या मधोमध भोक पाडा, लिहिणाऱ्याचं डोकं त्यातून बाहेर काढा आणि त्याला वेस्टमिन्स्टर हॉलमधल्या सगळ्या कोर्टांसमोरून फिरवून आणा. वर दहा पौंड दंड.

इंग्रजी परत यायलाही फार वेळ लागला. १३६२ मध्ये कायदा झाला की कोर्टातली बाजू इंग्रजीत मांडावी, कारण लोकांना फ्रेंच कळत नाही. तो कायदा मात्र फ्रेंचमध्ये लिहिलेला होता. वकिलांची फ्रेंच नंतरही मोडकीतोडकी होत चालूच राहिली. १६३१ मध्ये सॉल्सबरीला एका कैद्याने न्यायाधीशावर विटेचा तुकडा फेकला, त्याची जी नोंद मिळते त्यात वाक्याचा सांगाडा फ्रेंच आणि ‘ब्रिकबॅट’, ‘नॅरोली मिस्ट’ हे शब्द सरळ इंग्रजी आहेत. कोर्टाचे कागद पूर्णपणे इंग्रजीत आले ते १७३३ पासून. तोवर शेकडो फ्रेंच आणि लॅटिन शब्द इंग्रजी वेश चढवून आत कायमचे बसले होते, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या गलबतांबरोबर ते मुंबईच्या किनाऱ्यालाही लागत होते.

एक किल्ली, वीस कुलुपं

हिअरबाय, हिअरटू, हिअरिनाफ्टर, देअरऑफ, देअरइन, व्हेअरऑफ. या शब्दांची भीती घालवायला एक नियम पुरतो. ‘हिअर’ म्हणजे हा कागद. ‘देअर’ म्हणजे ती गोष्ट, जिचा नुकताच उल्लेख झाला. ‘व्हेअर’ म्हणजे जी किंवा ज्या. पुढच्या तुकड्याचा अर्थ नेहमीचाच. हिअरबाय म्हणजे या कागदाने. हिअरिनाफ्टर म्हणजे या कागदात यापुढे. देअरऑफ म्हणजे त्याचा. ‘इन विटनेस व्हेअरऑफ’ म्हणजे ज्याची साक्ष म्हणून. एकेकाळी साधी माणसं बाजारातही असंच बोलत. रोजच्या इंग्रजीत त्यातला ‘देअरफोर’ तेवढा उरला, त्या कारणासाठी, म्हणून.

यातला ‘व्हेअरफोर’ मोठा फसवा. त्याचा अर्थ कुठे असा नाही, तर कशासाठी, का. शेक्सपियरची ज्युलिएट ‘व्हेअरफोर आर्ट दाउ रोमिओ’ म्हणते तेव्हा ती त्याला शोधत नसते. तू रोमिओच का असावास, शत्रूच्या घराण्यातलं हे नाव तुझं का असावं, हे तिचं दुखणं असतं.

विक्रीच्या कागदात मधेच मोठ्या अक्षरांत एकटा उभा असलेला ‘विटनेसेथ’ बऱ्याच जणांना लॅटिन मंत्र वाटतो. तो साधा ‘विटनेसेस’ आहे, म्हणजे हा कागद साक्ष देतो. आज क्रियापदाला ‘स’ लागतो, तिथे दक्षिण इंग्लंडमध्ये पूर्वी ‘एथ’ लागत असे. ‘स’ उत्तरेकडून आला आणि सोळाव्या-सतराव्या शतकांत जिंकला. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये मात्र सगळीकडे ‘एथ’च आहे, त्यामुळे त्याला एक गांभीर्य चिकटलं आणि कागद करणाऱ्यांनी ते जपलं. आपल्या लग्नपत्रिकेत ‘करण्याचे योजिले आहे’ असतं. घरात कुणी ‘मी आज भाजी आणण्याचे योजिले आहे’ म्हणत नाही, पण पत्रिकेत ते नसेल तर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

याच विटनेसच्या पोटात ‘विट’ आहे, म्हणजे जाणणं, आणि तो संस्कृतातल्या ‘विद्’ धातूचा सख्खा नातलग. इंग्रजांचा साक्षीदार म्हणजे ज्याला माहीत आहे तो. आपला साक्षी म्हणजे ज्याने डोळ्यांनी, ‘अक्षी’ने, पाहिलं तो.

दात असलेला कागद

मला सगळ्यांत आवडणारा शब्द ‘इंडेंचर’. मुंबईतल्या जुन्या खरेदीखतांची सुरुवात ‘धिस इंडेंचर’ अशीच असते. लॅटिनमध्ये ‘डेन्स’ म्हणजे दात, आपल्या ‘दंत’चा नातलग. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एकाच चर्मपत्रावर करार दोनदा लिहीत आणि मधून नागमोडी, दातेरी रेषेत कापत. एक तुकडा एकाकडे, दुसरा दुसऱ्याकडे. पुढे वाद झाला तर दोन्ही तुकडे जुळवून पाहायचे. दात दातात बसले तर कागद खरा, नाहीतर बनावट. शिक्का नक्कल करता येतो, हाताने कापलेली वेडीवाकडी कड नक्कल करणं महाकठीण. १८४५ मध्ये इंग्लंडच्या कायद्याने कड प्रत्यक्ष कापलेली असण्याची अट काढली. दात गेले, नाव राहिलं.

१८३४ पासून मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांचा करारही इंडेंचर. त्यांत कोकणातून गेलेली मराठी माणसंही होती, आणि त्यांचे वंशज आज तिथला मराठी समाज आहेत. ज्या कागदावर त्यांनी अंगठे उठवले त्याचं नाव दातांवरून पडलंय हे त्यांना कोण सांगणार होतं?

गहाणखताला ‘मॉर्गेज’ म्हणतात, त्यातला ‘मॉर्ट’ म्हणजे मेलेला, आपल्या ‘मृत’शी नातं सांगणारा, आणि ‘गेज’ म्हणजे तारण. मेलेलं तारण. इथे खरोखरच मृत्यू आहे, मावशी! बाराव्या शतकातलं स्पष्टीकरण असं की सावकाराच्या ताब्यातल्या जमिनीचं उत्पन्न कर्जातून वजा होत नसे, म्हणून ते तारण कर्जदारापुरतं मेलेलं. उत्पन्न कर्जातून वजा होई ते ‘जिवंत’ तारण. सतराव्या शतकात एडवर्ड कोक या मोठ्या कायदेपंडिताने निराळं कारण दिलं. कर्ज फेडलं नाही तर जमीन ऋणकोला मेली, आणि फेडलं तर तारण सावकाराला मेलं.

‘चॅटल’ म्हणजे जंगम मालमत्ता. तो शब्द ‘कॅटल’चा, म्हणजे गुराढोरांचा, जुळा भाऊ, कारण एके काळी उचलून नेण्याजोगी संपत्ती म्हणजे गुरंच. दिवाणी कोर्टात ‘पेक्युनिअरी ज्युरिस्डिक्शन’ म्हणतात, किती रकमेपर्यंतचा दावा ते कोर्ट चालवू शकतं त्याला. यातलं लॅटिन ‘पेकुस’ म्हणजे जनावर, आणि ते आपल्या ‘पशु’चं नातलग. पशुधन म्हणणाऱ्या आपल्या भाषेला याचं नवल वाटायला नको. दावा करणारा ‘प्लेंटिफ’ म्हणजे विलाप करणारा, छाती पिटणारा. आपला फिर्यादीही तोच, कारण फारसीत फर्याद म्हणजे मदतीसाठी फोडलेली हाक.

ब्रिटिश काळात हायकोर्टात मुख्य न्यायाधीशांखेरीज इतरांना ‘प्युनी जज्ज’ म्हणत. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ नंतर जन्मलेला. संस्कृतात त्याला नेमका शब्द आहे, अनुज. हाच शब्द कोर्टाबाहेर ‘किरकोळ, किडमिडीत’ या अर्थाने रुळला, कोर्टात मात्र त्याचा मान अबाधित राहिला.

हे शब्द काढले तर कागद कच्चा राहील?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, आणि भीती खोटी नाही. एखादा शब्द शेकडो निकालांतून तावून सुलाखून निघालेला असतो. ‘मोबदला’ या अर्थाचा कन्सिडरेशन, किंवा मुदतीला ‘एसेन्स’, म्हणजे कराराचा गाभा, म्हणणं, यांच्यामागे कायद्याची कलमं उभी आहेत. असे शब्द आपल्या मनाने बदलू नयेत, वकिलाला विचारावं.

पण मेस्युएज, म्हणजे घर आणि त्याभोवतीचं आवार, हेरेडिटामेंट, म्हणजे वारशाने जाऊ शकणारी मिळकत, ॲपर्टेनन्स, म्हणजे मिळकतीला जोडून असलेलं सगळं, ही जंत्री बहुतेक वेळा सवयीने येते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं आठवं कलम सांगतं की वेगळा इरादा दिसत नसेल तर मिळकतीबरोबर तिच्याशी निगडित सगळं आपोआप जातं. घराबाबत त्या कलमात कुलपं, किल्ल्या, अडसर, दारं, खिडक्या असं नाव घेऊन लिहिलं आहे. म्हणजे कायद्याने जे साध्या शब्दांत आधीच देऊन ठेवलंय तेच आपण तीन अवघड शब्दांत पुन्हा मागतो.

खुद्द इंग्लंडने यातलं बरंच ओझं उतरवलं. १९९९ मध्ये तिथे दिवाणी खटल्यांचे नवे नियम आले आणि ‘प्लेंटिफ’ जाऊन ‘क्लेमंट’, म्हणजे मागणी करणारा, आला. ‘रिट’च्या जागी ‘क्लेम फॉर्म’ आला. न्याय थांबला नाही. आपल्याकडे प्लेंटिफ अजून आहे. याचिकांच्या शेवटी ‘या कृपेबद्दल अर्जदार कर्तव्यबुद्धीने सदैव प्रार्थना करील’ या अर्थाचं वाक्यही आहे, जे मुळात राजाकडे अर्ज करणाऱ्या प्रजेचं होतं. स्वतंत्र देशाच्या नागरिकाने ते अजून का लिहावं, हे मला खरंच कळत नाही.

मग सरळ मराठीत का नको?

जरूर. महाराष्ट्रात मराठी दस्त बिनदिक्कत नोंदता येतो. पण मराठी कागदातही जुने थर आहेतच, हे मावशीनेच मला दाखवलं. गाळ्याचं काम झाल्यावर तिने ट्रंकेतून आजोबांचं रत्नागिरीकडचं खरेदीखत काढलं. सदरहू, चतुःसीमा, लिहून देणार, लिहून घेणार. आणि मग ती ओळ, जी जुन्या दानपत्रांपासून सनदांतून उतरत आली आहे आणि आजच्या खरेदीखतांतही भेटते : जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह.

पाणी, झाडं, गवत, लाकूड, दगड इथपर्यंत ती भराभर वाचत गेली. निधीला अडखळली. निक्षेपाला थांबली.

“हे काय गं?”

पुरून ठेवलेलं धन, मी सांगितलं. जमीन विकणाऱ्याच्या पूर्वजांनी तिथे हंडा पुरून ठेवला असेल तर तोही आता घेणाऱ्याचा, असं लिहून देणारा म्हणतो आहे. जमिनीत पुरलेल्या धनासाठी आज वेगळा कायदा आहे, १८७८ चा, आणि तसं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तेव्हा त्या ओळीतल्या या शेवटच्या दोन शब्दांवर फार विसंबू नये. पाणी, झाडं, गवत, लाकूड आणि दगड मात्र आजोबांचेच.